लवंगांचा वारा

दहामच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नसे. मी त्याची मेहुणी, तेव्हा चेष्टा करते आहे असं वाटेल. पण त्या वेळी आमच्या तळावर कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. तो शेकोटीपाशी आला की माणसं काही न बोलता हातभर सरकायची. अंगाला गाढवाचा वास, डोक्याच्या फडक्याला हरणांच्या लेंड्यांचा, आणि या दोन्हींवर जुन्या चामड्याचा. शहबा नावाची त्याची पांढरी गाढवीण होती, तिच्या झुलीवरच तो झोपायचा. कांदा खायचा नाही. शिकारीच्या आदल्या दिवसापासून कॉफीला शिवायचा नाही. आणि आंघोळ म्हणाल तर पावसात सापडला तर तेवढीच.

"हरणाचं नाक काही आपल्याला बांधून ठेवता येत नाही," तो म्हणायचा. "मग आपणच नसल्यासारखं व्हावं."

आम्ही सुलैब, अरबी वाळवंटातली शिकारी जमात. उंटवाल्या टोळ्या आम्हाला गाढववाले म्हणून नाकं मुरडायच्या आणि हमाद नावाच्या ओसाड माळावर पाण्याची वाट चुकली की मदतीसाठी आमच्याच तंबूच्या दोरीला येऊन हात लावायच्या. आपापसात त्यांची लुटालूट चाले, पण आमच्या तळाला कोणी हात लावत नसे. लुटायला होतं काय? भांडी जोडायची हत्यारं, ठासणीच्या तीन बंदुका आणि सुकं मांस. खाणं हरणाचं, अंगावरचे कपडेही हरणाच्या कातड्याचेच. त्यामुळे वसंतात हरणं मिळाली तर वर्ष पार पडे, नाही मिळाली तर उन्हाळाभर खजुराच्या बिया चोखायच्या.

आणि हरणं मिळायची ती दहाममुळे. त्याला सगळे अबू हवा म्हणत, हवेचा बाप. गळ्यात चुलीतल्या राखेची थैली असे. चिमूटभर राख तो बोटांतून सोडायचा, ती कुठे जाते ते बघायचा आणि मग अर्धा दिवस वळसा घालून, शहबाच्या आडून चालत चालत, कळपाच्या खालच्या अंगाला जायचा, म्हणजे हरणांवरून आलेला वारा त्याच्या तोंडावर येईल आणि त्याचा वारा हरणांना लागणार नाही. शमाल, म्हणजे उत्तरेचा वारा, त्याचा मित्र. तो सरळ वाहतो, शब्दाला जागतो. वैरी एकच, नकबा. हा तिरका वारा वसंतात भर दुपारी उठतो आणि कधी तुमच्या तोंडावर, कधी पाठीवर येतो. नकबा फिरला तरी दहामची शिकार सहसा फुकट जात नसे, कारण हरणांना वास यायचा तो गाढवाचा. गाढवाला कोण भितं?

त्याची आणखी एक खोड होती. शेकोटीपाशी बसलेला असताना वारा फिरला की तो उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसे. विशेषतः माझी मोठी बहीण मिझना तिथे असली की हमखास तिच्या खालच्या अंगाला. आम्ही म्हणायचो, बिचाऱ्याला स्वतःच्या वासाची लाज आहे, बाईमाणसाला त्रास नको म्हणून उठतो.

मिझना त्याच्या अगदी उलट. तिला सुवासाचं वेड. आमच्याकडे लग्नात नवरीला लवंगांचा हार घालतात. बसऱ्याहून येणाऱ्या लवंगा पाण्यात भिजवून मऊ करायच्या, सुईने ओवायच्या, मधे मधे मणी घालायचे. मिझनाचा हार तीन पदरी होता. ती तंबूत शिरायच्या आधी तिचा वास शिरायचा. तिचा पहिला नवरा आमच्याच तळावरचा. तो तापाने गेला तेव्हा तिला हार उतरवावा लागला. विधवेने चार महिने दहा दिवस सुवास लावायचा नाही, असा नियम आहे. ते दिवस ती माझ्या तंबूत राहिली. सारखा गळ्याकडे हात न्यायची आणि रिकामा परत आणायची. मुदत संपली त्या सकाळी तिने हार घातला आणि मला म्हणाली, "फिद्दा, आता हा उतरेल तो मला मातीत घालताना. नवरा असो नसो, गळा रिकामा ठेवून मी पुन्हा बसणार नाही."

तीन वर्षं ती तशीच राहिली. मग एके दिवशी दहामची आई तुर्फा तोंड वाकडं करून आमच्या तंबूत आली.

"माझ्या पोराला तुझी बहीण हवी आहे म्हणे," ती म्हणाली. "चाळिशीला आल्यावर कानात वारा शिरलाय त्याच्या."

मला हसू आवरेना. लवंग आणि लेंडी! पण मिझना हसली नाही. तिने एकच अट घातली, "माझा हार उतरवायला कोणी सांगायचं नाही." दहाम बाहेरच उभा होता, अर्थात वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तो तिथूनच म्हणाला, "मी कशाला सांगेन?" तुर्फा काहीच बोलली नाही, आणि तुर्फा बोलत नाही तेव्हा सांभाळून राहावं. तळावर तीच सगळ्यांत वडील, तिचा शब्द शेवटचा.

लग्न झालं. आठ दिवसांत दहामच्या अंगाला लवंगांचा वास यायला लागला. माणसं शेकोटीपाशी त्याच्या शेजारी बसायला लागली, आणि हरणं मात्र लांब जायला लागली.

पहिल्या शिकारीला माझा नवरा नायिफ त्याच्याबरोबर होता. सगळं नीट चाललं होतं, कळप दीडशे पावलांवर होता, तेवढ्यात नकबा फिरला आणि सगळी हरणं गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिकडे गवत वाळत चाललं होतं. दहा-बारा दिवसांत उन्हाळ्याच्या विहिरीकडे निघायचं होतं आणि मांस सुकवायच्या दोऱ्या रिकाम्या लोंबत होत्या.

तुर्फा मिझनाच्या तंबूसमोर येऊन उभी राहिली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"सूनबाई, तीस वर्षं माझ्या पोराने कांदा खाल्ला नाही. कशासाठी? तू येऊन त्याला वाण्याचं दुकान करावंस म्हणून?"

"आत्याबाई, अट ठरली होती."

"अट तुझ्या-त्याच्यात. हरणांनी कुठे कबूल केली होती? पुढच्या शिकारीआधी हार उतरव. जमत नसेल तर भावाच्या तळावर जा. गाढव मी देते."

भावाचा तळ दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे गेलेली बायको परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला तुर्फाचा असा राग आला की तिच्या तंबूची खुंटी उपटावी. पण तिच्या मागे माझीच दोन उपाशी पोरं उभी होती, म्हणून गप्प बसले.

मिझनाने त्याच दुपारी हार उतरवला. माझ्या हातात दिला तेव्हा रडली नाही, नुसतं म्हणाली, "लांब नेऊन पूर." मी तो कातडी पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि तळापासून लांब वाळूत पुरून खूण म्हणून दगड ठेवला. तिने दहामचे कपडे झुडपांच्या राखेने चार वेळा धुतले. दहाम शहबाच्या जागेवर लोळून आला. मी म्हटलं, "दाजी, आता पहिल्यासारखे दिसता हो," तर तो हसलासुद्धा नाही. मिझनाकडे बघत होता. ती तंबूच्या दाराशी बसली होती, हात गळ्यावर.

तिसरी शिकार. पहाटे गेले, दुपार कलल्यावर परत आले. शहबाच्या पाठीवर काही नव्हतं.

नायिफ पुढे येऊन बसला आणि पाणी मागायच्या आधीच बोलायला लागला. "अगदी खालच्या अंगाला होतो आम्ही. दुपारी वारा पाठीवर आला आणि सगळ्या कळपाने एकदम माना वर केल्या."

"झालं ना?" तुर्फा म्हणाली. "आज तर हार नव्हता. म्हणजे वास हिच्या अंगातच मुरलाय. फिद्दा, बहिणीचं गाठोडं बांध."

मिझना उठली आणि स्वतःच गाठोडं काढायला आत गेली. मी तिच्या मागे जाणार, तेवढ्यात दहाम गाढवीण बांधून आला. त्याने डोक्याचं फडकं काढलं, एका टोकाची गाठ दाताने सोडली आणि आईसमोर हात पसरला. तळहातावर एक लवंग होती.

"तिचं गाठोडं राहू दे, आई. वास या लवंगेचा होता."

"ही कुठून आली?"

"फिद्दा हार न्यायला निघाली तेव्हा एक गळून पडली. मी उचलली."

"अरे गाढवा! शिकारीला जाताना? अबू हवा म्हणवतोस ना तू?"

दहाम खाली बघत होता. एवढा मोठा माणूस, पण खजूर चोरताना सापडलेल्या पोरासारखा उभा होता. "तिचा गळा रिकामा दिसत होता," तो म्हणाला. "मीच मेलो असल्यासारखी बसली होती ती. मला बघवेना. म्हटलं, निदान एक तरी माझ्याजवळ असावी."

तंबूतून गाठोडं आपटल्याचा आवाज आला. आमच्या बोलीत हवा हा एकच शब्द वाऱ्यालाही लागतो आणि जीव जडण्यालाही. त्या दिवसापर्यंत आम्ही त्याच्या नावाचा अर्धाच अर्थ घेत होतो.

नायिफ मोठ्याने हसला. मग आम्ही सगळेच हसलो, तुर्फा सोडून.

"हसा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात हेच हसू उकडून खा."

"आई, आता एक ऐक," दहाम म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. वाऱ्याबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज असा व्हायचा, मशिदीत नसेल इतका गंभीर. "माणसाचा वास लागला की हरणं कशी पळतात?"

"चौखूर उधळतात. मला काय विचारतोस, मी काय काल जन्मले?"

"आज उधळली नाहीत. चालत गेली. एकामागे एक, नाकं वर करून. नायिफ, खरं की नाही?"

नायिफचं हसू थांबलं. त्याने जरा आठवून बघितलं. "खरंच की. चालतच गेली."

"त्यांना तो वास कळलाच नाही. पळून जावं इतका भीतीचा नाही, आणि थांबावं इतका ओळखीचाही नाही. मागल्या दोन्ही खेपांना असंच झालं. मी मात्र आपली शिकार गेली म्हणून कपाळाला हात लावून बसलो. आणि तिन्ही वेळा गेली कुठे? वाऱ्याबरोबर खाली, दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून. आपण बंदुका घेऊन खिंडीत बसलो असतो तर?"

"आणि वास कोण सोडणार? माझी म्हातारी हाडं?"

आता मिझना बाहेर आली होती. "मी सोडते," ती म्हणाली. "पण एका हाराने एवढा माळ कसा भरायचा? तळावरच्या सगळ्या बायकांना हार घेऊन येऊ दे."

"घेऊन नको," दहाम म्हणाला. "घालून या. अंगाच्या उबेने वास जास्त सुटतो."

आमच्याकडे बायका शिकारीला जात नाहीत. जाऊ नयेत असं कोणी म्हटलेलं नाही, पण गेलेल्या नाहीत. त्या संध्याकाळी मात्र प्रत्येक तंबूत पेट्या उघडल्या. मी मिझनाचा हार वाळूतून काढून आणला. माझा स्वतःचा एक पदर पोरांनी दातदुखीला चावून संपवला होता, उरलेला घातला. आम्ही दहाजणी झालो. सकाळी निघताना तुर्फा आली. तिच्या मुठीत एक काळा पडलेला हार होता. वीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा उतरवलेला.

"बघता काय?" ती म्हणाली. "भिजवला की सुटतो वास. माझ्या पोराचा खेळ आहे, मी पण बघते."

दहामने आम्हाला एकेक करून उभं केलं. शमाल सरळ होईपर्यंत थांबला, दर दहा पावलांवर राख सोडून बघितली. कळप लांब होता, पिवळ्या माळावर नुसते ठिपके. "याहून पुढे जायचं नाही," त्याने बजावलं. "इतक्या लांबून माणसाचा वास विरून जातो, लवंग तेवढी राहते. आणि बोलायचं नाही. एक शब्द नाही." मग तो, नायिफ आणि तिसरा बंदूकवाला, तिघे लांबचा वळसा घेऊन खिंडीकडे गेले.

अकरा बायका आणि एक शब्द नाही! ऊन चढत होतं. वारा पाठीवर येत होता, कातड्याच्या झग्यांतून पुढे जात होता. माझ्या एका बाजूला तुर्फा पाण्याच्या कातडी पिशवीतून ओंजळभर पाणी हारावर शिंपडत उभी होती, दुसऱ्या बाजूला मिझना. मिझनाने मान ताठ ठेवली होती आणि बोटांनी लवंगा चुरडत होती. चुरडलेल्या लवंगा पुन्हा ओवता येत नाहीत. तिला ते कळत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, संपलं. दहामची अक्कल वाऱ्यावर गेली आणि माझी बहीण भावाच्या तळावर.

मग एका हरणाने मान वर केली.

मग दुसऱ्याने. सगळा कळप उभा राहिला, आमच्याकडे तोंडं करून. एक वयस्क मादी वळली आणि चालायला लागली, अगदी सावकाश, आणि तिच्यामागे बाकीची. टेकड्यांकडे, खिंडीकडे. तुर्फाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हिरवा डाग चार दिवस राहिला.

बंदुकांचे आवाज आले तेव्हा आधी आम्हाला काही कळेना. तीन बार. पुन्हा ठासायला लागतो तेवढा वेळ. मग आणखी दोन. आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बोलणं अकरा तोंडांतून एकदम बाहेर पडलं.

पाच नर पडले होते. गाभण माद्या दहामने नेहमीप्रमाणे जाऊ दिल्या होत्या. पुढच्या आठ दिवसांत आम्ही आणखी तीनदा तशाच उभ्या राहिलो, आणि विहिरीकडे निघालो तेव्हा सगळ्या दोऱ्या मांसाने भरल्या होत्या.

पण मला सांगायची आहे ती पहिल्या दिवसाची संध्याकाळ. आमची रीत अशी की पहिल्या पडलेल्या हरणाचं कातडं कळप वळवणाऱ्याचं. ते आजवर दहामचंच असे. त्याने कातडं आणून बायकांच्या मधे ठेवलं आणि बाजूला झाला. मी म्हटलं, "आता अकरा तुकडे करा आणि टोप्या शिवा!" हसणं झालं. तुर्फाने कातडं उचललं, हाताने घासून बघितलं आणि मिझनाच्या मांडीवर टाकलं.

"स्वतःला शीव," ती म्हणाली. मग मुठीतला आपला काळा हार तिने मोडला आणि लवंगा त्याच कातड्यावर ओतल्या. "तुझ्या बऱ्याच चुरडल्या आज. या घाल त्यात. जुन्या आहेत, पण पाणी लागलं की बोलतात."

मिझनाने तिच्या हाताचं चुंबन घेतलं. तुर्फाने हात ओढून घेतला. "पुरे. मांस करपतंय."

आम्ही शेकोटीभोवती खात होतो. वारा जरा फिरला, आणि दहाम आपला वाडगा घेऊन उठला, वळसा घालून मिझनाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि बसला.

"आता कशाला उठतोस, बाबा?" तुर्फा म्हणाली. "बायको आहे ती तुझी. तुझ्या वासाची तिला सवय झाली असेल."

"माझा वास तिला लागू नये म्हणून नाही उठत, आई."

"मग?"

दहामने वाडग्यात बघितलं. "शिकाऱ्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं असतं," तो म्हणाला.

आधी कोणाला कळलं नाही. मला कळलं, आणि मी मनातल्या मनात मागे मोजत गेले: लग्नाच्या आधीच्या शेकोट्या, त्याही आधीच्या, मिझना माझ्या तंबूतून पहिल्यांदा हार घालून बाहेर आली त्या दिवसापर्यंत. तीन वर्षं तो तिच्या लवंगांच्या वाऱ्यामागे जागा बदलत होता, आणि आम्ही म्हणत होतो, बिचाऱ्याला स्वतःच्या वासाची लाज आहे. मिझनाने बुरख्याचं टोक तोंडावर घेतलं. ती हसत होती की काय करत होती, ते मी विचारलं नाही.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. तुर्फा गेली. मग मोटारी आल्या, आणि मोटारींना वारा बघावा लागत नाही, त्यामुळे हरणंही गेली. आम्ही आता विहिरीजवळ भिंतींच्या घरात राहतो. दहामचे गुडघे संपले आहेत. सकाळी उचलून बाहेर चटईवर बसवलं की तो संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. राखेची थैली अजून गळ्यात आहे. पोरं विचारतात, आजोबा, आज वारा कुठला, आणि तो राख सोडून सांगतो. त्याचं कधी चुकत नाही.

दुपारी नकबा उठतो. दहाम मान वर करतो, काठीकडे हात नेतो. तो काठीपर्यंत पोचायच्या आत मिझना उठते, आपली चटई उचलते आणि त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसते. वसंतात कधी कधी तिला दिवसातून पाच-सहा वेळा उठावं लागतं. तिचेही गुडघे काही चांगले नाहीत.

परवा मी तिला म्हटलं, "अगं, कंटाळत नाहीस?"

"तो तीन वर्षं उठला," ती म्हणाली, "आणि मला पत्तासुद्धा नव्हता. अजून बरंच उठायचं राहिलंय माझं."